गादीखालची काच

"मी काय पेशंट आहे का?" प्रणितानं विचारलं.

हर्षवर्धन पलंगाची गादी उचलून खाली चटई पसरत होता. चटई त्याच्याच डोक्यातली. ऑप्टिकल फायबरची, केसाएवढ्या काचेच्या तारांनी विणलेली. तारांतून उजेड धावतो. वजन पडलं की काच वाकते, वाकली की उजेड गळतो, आणि त्यावरून वर किती किलो आहे ते कळतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कधी बदलायची, ते ही चटई सांगणार होती.

पहिल्या चाचण्यांना बेगम बाजारातनं आणलेली तांदळाची पोती मोजून मांडली होती, ती प्रणितानंच. तेव्हा ती हर्षवर्धनच्याच कंपनीत होती. तिथल्या संघपालशी बोलताना खळखळून हसायची. लग्न झालं आणि हर्षवर्धननं आधी ते हसणं बंद केलं, मग नोकरी.

"घरची चाचणी आहे. दुपारी जेवलीस की पडायचं. मी ऑफिसातनं बघेन."

"म्हणजे नुस्तं वजन पडलं की झालं ना?"

"झालं."

"हौ," ती म्हणाली आणि उशी नीट करू लागली.

संशयाला औषध नाही म्हणतात. ह्यानं तर यंत्र काढलं!

मग रोज दुपारी मोबाइलवर निळा पट्टा उमटायचा. एक माणूस, प्रणिताच्या वजनाचं. तो दिसला की ह्याच्या घशाखाली चहा उतरायचा. पट्ट्याला उशीर झाला तर संघपाल जागेवर आहे का, बघून यायचा. असायचाच. तरी थोड्या वेळानं पुन्हा बघून यायचा.

"झोपली की कूससुद्धा बदलत नाही," तो चारचौघांत सांगायचा. "सुखी बाई!"

एका दुपारी दवाखान्याचे डॉक्टर चटई विकत घ्यायला आले. मालक एकनाथराव म्हणाले, "खऱ्या माणसावर दाखवा." हर्षवर्धननं घरचाच पलंग मोठ्या पडद्यावर लावला. पट्टा होताच. संघपालनं त्याच आठवड्यात श्वास टिपायची सोय जोडली होती. त्यानं ती सुरू केली.

रेघ सपाट.

"बिघडवलंस ना?" हर्षवर्धन खेकसला. "जळतोस माझ्यावर!"

संघपाल कंपनीतल्या चटईवर आडवा झाला. रेघ वर-खाली नाचू लागली. तो उठला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"यंत्र ठीक आहे, सर. घरी पळा. प्रणिता श्वास घेत नाहीये."

ह्यानं 'वहिनी' म्हटलं नाही, हे तेवढ्यातही हर्षवर्धनला टोचलं.

एक डॉक्टर सोबत गाडीत बसले. नामपल्लीच्या सिग्नलला हर्षवर्धन हुंदके देत होता. कुठंही असू दे, कुणाबरोबरही असू दे, पण जिती असू दे, असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं दार उघडलं. पलंगावर डोक्यापर्यंत पांघरूण होतं. तो दारातच थांबला. डॉक्टरांनीच ते ओढलं.

गादीवर, बारीक टाक्यांनी एकमेकांना शिवून, तांदळाची दोन पोती निजली होती.