तटाला कमी पडलेले दगड

२०१८ साल होतं. बदलापूरच्या वृंदाताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि दर रविवारी वांगणीजवळच्या गडावर तट रचायला जात होत्या. बरोबर अंबरनाथच्या कारखान्यातले गुरुदत्त दामले आणि कॉलेजची पाच-सहा मुलं.

तटाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. पावसाआधी ते बुजलं नाही तर शेजारचा बुरूज खाली येणार, हे उघड होतं. घडीव दगड मात्र कमी पडत होते.

पायथ्याच्या वाडीतला कमळाकर मदतीला यायचा. सत्तरीचा, अबोल. सगळ्यांच्या आधी वर पोचलेला असायचा आणि झुडपातून एखादा घडीव दगड काढून ठेवलेला असायचा.

"तुम्हालाच बरे सापडतात हो," वृंदाताई म्हणत. तो नुसता हसायचा.

एकदा दगडाला लाल रंग होता.

"शेंदूर," गुरुदत्त म्हणाले. "देव असणार कुठला तरी. वेगळा ठेवा."

कमळाकरनं तो उचलून तटात बसवला.

"दादा, एकदा घरी चहा पाजा की," वृंदाताई म्हणाल्या.

"घर काढलंय ताई. बसाला जागा नाय."

मे महिन्यातल्या एका रविवारी ऊन टाळायला मंडळी लवकर निघाली. अर्ध्या वाटेवर कमळाकर बसला होता, घामानं निथळत. डोक्यावर चुंबळ, शेजारी घडीव दगड.

गुरुदत्त थांबले. "अच्छा! घर काढलंय, नाही का? आम्ही वर रचायचं आणि तू खाली न्यायचं?"

"दगड कुठला, दादा?" वृंदाताईंनी विचारलं.

"गडाचाच हाय, ताई."

"बघा, कबूल करतोय!"

कमळाकर मान खाली घालून बसला. वृंदाताई म्हणाल्या, "पुन्हा वर येऊ नका."

तो दगड मुलांनी उचलून नेला. त्यानंतर झुडपात एकही सापडला नाही. जुलैत बुरूज कोसळला.

पुढे गुरुदत्त मुलाकडे पुण्याला गेले. मुलं नोकऱ्यांना लागली. वृंदाताई अजून बदलापुरातच आहेत. कमळाकर दोन वर्षांनी वारला, तेव्हा त्याच्या बायकोला, ठमाबाईला, भेटायला त्या वाडीत गेल्या.

घराला जोतं नव्हतं. खांब विटांवर टेकवलेले. दाराशी तेवढी एक काळी घडीव पायरी, गेरूनं रंगवलेली.

"यवडी एकच राहिली, ताई," ठमाबाई म्हणाली. "आजेसासऱ्यानं गडावरनं आणलेली. न्याल वर?"