लाल रेघेवरचे तीन दिवस

औंधहून आलेल्या गुरुजींनी पेटती मशाल ऋषिराजच्या हातात दिली आणि फोटोवाल्याने त्याला जरा डावीकडे सरकायला सांगितलं. बॉयलरचं तोंड समोर उघडं होतं. आत लाकडं रचून तयार. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात दरवर्षी अग्निप्रदीपनाला, म्हणजे हंगामाचा बॉयलर पेटवताना, एखाद्या कामगाराचं जोडपं पूजेला बसवायची रीत. यंदा चेअरमननी तो मान प्लॅनिंग इंजिनिअर ऋषिराजला दिला होता. त्याची बायको प्रियदर्शनी काठपदराची साडी नेसून शेजारी उभी होती, हात त्याच्या हाताला लावून.

"बॉयलरच्या ट्यूबा आठ दिवस उशिरा आल्या, तरी ह्या पोरानं मुहूर्त चुकू दिला न्हाई," चेअरमन माइकवरून सांगत होते. "सगळं त्या तक्त्यावर बसवलं बघा." टाळ्या पडल्या.

तक्ता चांगलाच होता. दुरुस्तीची सगळी कामं त्यावर बाणांनी जोडलेली. ज्या कामाला एक दिवस उशीर झाला की गाळपालाच एक दिवस उशीर, अशा कामांची रेघ लाल. त्या लाल रेघेवरचे आठातले पाच दिवस ऋषिराजने वेल्डर दोन पाळ्यांत लावून कमावले. उरलेले तीन काही केल्या निघेनात. मग शेवटचं एक काम त्याने रेघेवरून उचललं आणि गाळप सुरू झाल्यानंतरच्या रकान्यात नेऊन ठेवलं. नव्या ट्यूबा बसवल्यावर बॉयलरमध्ये गार पाणी दाबून भरायचं आणि कुठला जोड गळतोय का ते बघायचं, हे ते काम. बरोब्बर तीन दिवसांचं. लाल रेघ मुहूर्ताला येऊन टेकली, आणि शहाण्याला त्या दिवशी झोपही छान लागली.

आज मात्र त्याला भीती वाटत होती. दोनशे बारा नव्या ट्यूबा, प्रत्येकीला दोन जोड, आणि एकही तपासलेला नाही. आज नुसती लाकडं पेटायची होती. उद्या दुपारी वाफेचा दाब चढणार, आणि एक जोड जरी सुटला तर कढत वाफ ह्याच दारातून बाहेर येणार. मशालीच्या धुरानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं लोकांना वाटलं, ते बरंच झालं.

बॉयलरच्या दाराची कडी धरून फायरमन जोतीराम उभा होता. वीस वर्षं ह्याच बॉयलरवर. "पाण्याची टेस्ट न्हाई झाली, सायेब," एवढंच तो सकाळी म्हणाला होता. "नंतर बघू," ऋषिराजने सांगितलं, आणि जोतीरामने पुन्हा विषय काढला नाही.

"चला, घाला आत. वेळ टळतेय," गुरुजी म्हणाले.

ऋषिराजचा हात पुढं जाईना. प्रियदर्शनीला वाटलं, नवरा लाजतोय. ती हसून जोतीरामला म्हणाली, "दादा, वाफ कधी धरते?"

"उद्या दुपारी, वैनी. हितं समोर हुबं ऱ्हायलं की दाबाचा काटा चढताना दिसतोय."

"मग मी येते बघायला. आपल्या हातनं पेटवलाय म्हटल्यावर बघायला नको?"

"नको." ऋषिराज एवढ्या जोरात बोलला की गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. "उद्या तू इकडं यायचं नाहीस. गेटच्या आतसुद्धा नाही."

जोतीरामने कडीवरचा हात काढला आणि तो ऋषिराजकडे बघत राहिला.

"आमची लेक अंबू रोज दुपारी डबा घिऊन हितंच येती, सायेब," तो म्हणाला. "तिला काय सांगू?"