वाचलेला वेळ कोणाचा?

"कंपनीनं एवढं एआय घेऊन दिलं आणि वापरणारा एकही नाही?" साहेब कडाडले. आमचा तक्रार विभाग माना खाली घालून बसला.

"शिकायला जड जातं, की भीती वाटते?"

निवृत्तीला आलेल्या अक्का उभ्या राहिल्या. "आमच्यातल्या भाऊंनी वापरलं होतं की. दिवसभराच्या तक्रारींची उत्तरं दुपारीच लिहून झाली, म्हणून हौसेनं तुम्हाला सांगायला आले. तुम्ही शेजारच्या टेबलाचं काम त्यांच्या गळ्यात मारलंत आणि तिथल्या पोरीला घरी बसवलंत. वाचलेला वेळ आमचा, एवढं कबूल करा. उद्यापासून सगळे वापरतो."

"असं कुठं असतं का?"

"मग आमचं हातानंच बरं चाललंय."

साहेब पाय आपटत निघून गेले. अक्कांनी ड्रॉवरमधून विणकाम काढलं आणि मान वर न करता मला म्हणाल्या, "मोबाइलवरच्या एआयकडून सकाळीच सगळी उत्तरं लिहून घेतलीस ना? मग एकदम पाठवू नकोस, बाई. अर्ध्या अर्ध्या तासानं एकेक सोड. हातानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे."