रेडिएटरमधले बुडबुडे

छप्पन साली माझा भाऊ मालोजी गेला. चाकण-खेड रस्त्यावरची त्याची टॅक्सी विकायला दुर्गावहिनींचं मन होईना, म्हणून मीच तिचं इंजिन खोलून नव्यानं बांधलं.

आठवड्यात पाणी कमी होऊ लागलं. सकाळी रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, तर बुडबुडे.

“हेड गॅस्केट गेलंय, वहिनी, इंजिनातला गॅस पाण्यात घुसतोय,” म्हणत मी इंजिन बंद केलं.

पाणी अजून गारच होतं, तरी बुडबुडे थांबेनात. चार यायचे, मग उसंत, पुन्हा चार.

वहिनी वाकून ऐकत राहिल्या. “झोपंत त्यांचा श्वास असाच अडकायचा,” म्हणाल्या आणि कित्येक महिन्यांनी हसल्या.

मी रेडिएटरच्या तोंडावर तळहात दाबला. बुडबुडे थांबले.

“हात काढा, भावजी. गुदमरतील ते.”

मी काढतच होतो. पण आतून कुणीतरी तो ओढून धरला होता.