कोरा पडदा

"पुन्हा अडकलं!" कोपऱ्यातल्या टेबलावरून एक मुलगी ओरडली आणि सर्व्हरवाल्याच्या कपाळावर आठी पडली.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये सकाळपासून हाच तमाशा चालू होता. फोन खणखणत होते, मुली पत्ते टाइप करत होत्या आणि पडद्यावरचं चक्र नुसतं गरगरत होतं. शेवटी पत्ते चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरना तोंडी सांगायची वेळ आली. साहेब पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते. सर्व्हरवाला दारात दिसताच त्यांनी त्याला धारेवर धरलं होतं. "माणसं जातील हो अशाने! काय अडकलंय ते शोधा आणि मोकळं करा."

त्याने नेटवर्क तपासलं. ठीक होतं. डिस्क तपासली. जागा भरपूर होती. मग सर्व्हरला कोणकोण जोडलं गेलंय ते त्याने पाहिलं. सर्व्हर एका वेळी ठरावीक जणांशीच बोलू शकतो, बाकीच्यांनी ताटकळत बसायचं. आणि इथे जवळजवळ सगळ्या जागा एकाच टेबलाने अडवल्या होत्या. त्या टेबलावरून एकच शोध पुन्हा पुन्हा सोडलेला. तोही साधासुधा नाही. आजवर उचललेल्या प्रत्येक रुग्णाचं वर्णन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत जाणारा. सर्व्हर मेटाकुटीला आला यात नवल नव्हतं.

टेबल ताईंचं होतं. ताई खोलीतल्या सगळ्यात जुन्या. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, म्हणून मुलींनी कपाटामागे फुलं लपवून ठेवली होती. अशा बाईला जाब कसा विचारायचा? तो खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे काय शोधताय तुम्ही?"

ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "धाकटा भाऊ माझा. भांडून घरातून गेला तो गेलाच. त्याच्या डाव्या कोपरावर इस्त्रीच्या टोकाचा डाग आहे. लहानपणी माझ्याच हातून भाजला होता. कोणी रस्त्यात पडलेला सापडला, नाव कळलं नाही, तर आपण अंगावरच्या खुणा लिहितो ना? म्हणून तर ही नोकरी धरली मी. रोज कामाला बसायच्या आधी एकदा बघते. पडदा कोरा आला की हायसं वाटतं. म्हणजे आहे कुठेतरी धडधाकट. पण उद्यापासून कोण बघू देणार? म्हणून आज जरा जास्त वेळा..." त्यांनी वळून गोंधळलेल्या मुलींकडे पाहिलं. "माझ्यामुळे झालं का रे हे सगळं?"

"मी बघतो," तो एवढंच म्हणाला.

आपल्या टेबलावर येऊन त्याने अडकलेले शोध एकेक करून तोडले. खोलीने मोकळा श्वास घेतला. गाड्या सुटल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि जेवायला निघून गेले.

काम झालं होतं. त्यालाही निघता आलं असतं. पण तो कोरा पडदा त्याच्या डोक्यातून जाईना. कारण तो त्यानेच बनवला होता. शोधाचं उत्तर यायला फार वेळ लागला, तर मुलींना घाबरवणारा संदेश दिसू नये, नुसती कोरी जागा दिसावी, अशी सोय त्याने मोठ्या हौसेने केली होती. म्हणजे ताईंचा कोरा पडदा 'असा कोणी नाही' असं सांगतच नव्हता. पडदा वाट बघून कंटाळत होता. आत सर्व्हर मात्र शोधतच राहत होता.

त्याला बसवेना. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. मग त्याने वर्णनांची सूची बांधायला घेतली. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी, शब्द बघायचा आणि थेट पान उघडायचं. ती पुरी झाली तेव्हा मुलींचं जेवण आटोपून फोन पुन्हा सुरू झाले होते. आता शोध पापणी लवायच्या आत संपणार होता. त्याने जरा घुटमळून ताईंचेच शब्द टाइप केले.

पडदा कोरा आला नाही.

एकच नोंद होती. अनोळखी पुरुष. डाव्या कोपरावर इस्त्रीच्या टोकाचा डाग. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी मृत. तारीख ताई नोकरीला लागण्याच्याही आधीची.

म्हणजे सर्व्हरला उत्तर रोज सापडत होतं. रोज सकाळी. ते ऐकायला पडदा थांबलेला नसायचा. स्वतःच्या त्या हौशी सोयीचा त्याला भयंकर राग आला.

"झालं का रे दुरुस्त?"

ताई मागे उभ्या होत्या. त्याने पडदा झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. ताईंचा चष्मा कपाळावर चढवलेला होता. तिथून त्यांना अक्षर लागणं शक्य नव्हतं. पण पडदा कोरा आहे की नाही, हे त्यांना चष्म्याशिवायही कळत होतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे. पलीकडे एक मुलगी फोनवर कोणाला तरी धीर देत होती, "लगेच पाठवते, अगदी लगेच." ताईंनी कपाळावरचा चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि तो मुठीत घट्ट धरला.

"पूर्वीसारखं हळू करून दे रे," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस तरी."