काचेचा पेला

देवळातल्या उल्केचा तुकडा पुजाऱ्यांनी दोन वर्षांच्या विनवण्यांनंतर काढून दिला. त्यातल्या ताऱ्याच्या धुळीत न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांनी घडवलेलं बोरॉन मोजून त्या कणांच्या वजनाचा अंदाज बांधायचा होता. पण धूळ धुताना संशोधक विद्यार्थिनी चिझुरूनं घाईघाईत प्लास्टिकऐवजी काचेचं भांडं घेतलं. काचेतच बोरॉन असतं. मोजणीत तेच उतरलं, आणि मोजताना धूळ जळून संपली. "काच कुणी वापरली?" सेन्सेईंनी, तिच्या प्राध्यापकांनी, विचारलं. ती मान खाली घालून नोंदवही चाळत राहिली. आज सेन्सेई पुजाऱ्यांपुढे चटईला कपाळ टेकवून म्हणाले, "चूक माझ्याच हातून झाली. माफ करा." शेजारी चिझुरूही वाकली. "अहो, उठा!" पुजारी गडबडले. "तो दगड आमचं छप्पर फोडून आला, त्यानं कुठे माफी मागितली?" गार चहा काचेच्या पेल्यात आला. तिनं तो हळूच बाजूला सरकवला. "घे ना पोरी," पुजारी हसले, "पेला स्वच्छ धुतलाय."