शुभ विमान

"एकच विचारतो, आप्पासाहेब. यात कुणी मेलं तर नाही ना?"

गोकुळशेठनी हे विमानाच्या आत, नव्या गालिच्यावर उभं राहून विचारलं, आणि काम करणाऱ्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

विमान एकाहत्तरच्या लढाईतलं. जुनं डाकोटा. तेव्हा त्यातून दारूगोळा जायचा नि जखमी यायचे. भंगारात निघालेलं ते धूड गोकुळशेठनी उचललं होतं आणि वर्षभर विमानतळाकडच्या या शेडमध्ये त्याचा कायापालट चालला होता. आठ मऊ खुर्च्या, अक्रोडाचं टेबल, मागच्या बाजूला झोपायचा कोच. नवी विमानं काय, चार जणांकडं आहेत; लढाईतलं कुणाकडं आहे, असं शेठ क्रांती चौकापासून मुंबईपर्यंत सांगत सुटले होते. गणपती उठायच्या आत ताबा घ्यायचं ठरलं आणि तेवढ्यात त्यांच्या वास्तुवाल्यानं खोडा घातला. ज्यात माणूस गेलं, त्यात शेठनी पाऊल ठेवायचं नाही. याच कारणासाठी त्यांनी गारखेड्यातला तयार बंगला सोडून दिला होता. हौस लढाईची, पण मेलेलं माणूस चालायचं नाही. आता बोला!

आप्पासाहेब सोयगावहून आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. लढाईत ते याच विमानात सामान चढवायचे-उतरवायचे. नात प्रेरणा या शेडमध्ये इंजिनिअर. गेल्या दिवाळीत तिनं विमानाच्या नंबरातले पहिले दोन आकडे सांगितले, तर म्हाताऱ्यानं डोळे मिटून पुढचे सगळे म्हणून दाखवले. पोरीला केवढं कौतुक! तिनंच शेठना सांगितलं, तिनंच शाल-श्रीफळाचा घाट घातला. आपण काय करून बसलो, ते तिला आत्ता कळत होतं.

कारण आत आल्यापासून तिचे आबा त्या मागच्या कोचापाशी उभे होते. सगळे बसा बसा म्हणत होते. गाद्या शिवणारा फारूख तर दोनदा म्हणाला, "बैठो ना चाचा, मी सोता शिवलंय." आबा बसले नाहीत. कोचाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

चौपन्न वर्षांपूर्वी त्याच जागी, उघड्या पत्र्यावर, बन्सी आडवा होता. त्यांच्याच तुकडीतला, त्यांच्याच वयाचा. धावपट्टीवर पेट्या उतरवताना त्याच्या पोटात गोळी लागली होती. आप्पासाहेबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो सारखा पाणी मागत होता, आणि पोटात गोळी असलेल्याला पाणी द्यायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद होती. विमान उतरायच्या आत बन्सीचं मागणं थांबलं.

"आबा..." प्रेरणा म्हणाली. खरं बोला म्हणावं, तर शेठ विमान टाकून जाणार. शेडला दुसरं काम नव्हतं. तीस माणसं उद्यापासून घरी. आणि खोटं बोला असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार होती?

आप्पासाहेबांनी मागं पाहिलं. फारूखच्या हातात सुई तशीच होती. दारात रंगारी, वायरमन, झाडलोट करणारी रईसा. सगळ्यांचे डोळे म्हाताऱ्याच्या तोंडाकडं. कुणी काही मागत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं.

"नाय," ते म्हणाले. "कुणी नाय मेलं."

"एकसुद्धा नाही? लढाई होती, म्हणून विचारतो."

"जखमी आणायचो. समदे जित्ते उतरले."

"अल्ला का शुकर," फारूख पुटपुटला. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. गोकुळशेठनी तर दोन्ही हात जोडले. "लढाईत जाऊन एकही मरण नाही! शुभ विमान आहे हो हे." आणि त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. वास्तुवाल्याला लेखी लागत होतं. कागद आधीच टाइप करून आणला होता: 'या विमानात कधीही कोणाचाही मृत्यू झालेला नाही.' खाली माजी सैनिक म्हणून आप्पासाहेबांचं नाव.

"हीच ओळ पितळी पट्टीवर कोरून घेणार आहे. बरोबर इथं, कोचाच्या वर. तुमची सही पण तशीच उमटवू. नाव कायमचं राहील तुमचं."

आप्पासाहेबांनी कागद टेबलावर ठेवला. चष्मा लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग सही केली. अक्षर नीट आलं. शेठनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि सगळ्यांना जवळ बोलावून फोटो काढला.

शिडी उतरताना प्रेरणानं त्यांचा दंड धरला. "चुकलं माझं, आबा. मी तुम्हाला इथं आणायलाच नको होतं."

ते फाटकापर्यंत चालत गेले आणि थांबले.

"घरी फोन लाव. तुझ्या आज्जीला सांग, औंदा पित्राला बन्सीचं पान वाढू नको."

बन्सीला मागंपुढं कुणी नव्हतं. म्हणून सोयगावात दर वर्षी, घरच्या पितरांबरोबर, आज्जी आवडाबाई त्याच्याही नावाचं पान वाढायची. प्रेरणानं लहानपणापासून ते पाहिलेलं होतं.

"असं काय बोलता, आबा?" तिचे डोळे भरून आले. "का नाही वाढायचं?"

"मेलाच नाय तो," आप्पासाहेब म्हणाले. "लिहून दिलंय मी."